आकडा वाढला होता

आमच्या कारखान्यात हूक मोडायचं काम माझ्याकडे होतं. बनवायचा दादा, मोडायची मी.

कातळ चढणाऱ्यांचे हे हूक दिसायला चिमुकले. जिथे बोटांना काही लागत नाही आणि पाय ठरत नाही, तिथे नखभर कडेवर हूक अडकवायचा, त्याला पट्ट्यांची शिडी लटकवायची, तिच्यावर उभं राहायचं आणि हात पुरेल तिथे पुढचा हूक लावायचा. म्हणजे अख्खा माणूस त्या टिचभर पोलादावर. म्हणून प्रत्येक खेपेतले पाच हूक मी यंत्रावर ताणून बघायची, किती किलोला गेले ते तक्त्यात लिहायची आणि खाली सही करायची.

बाबांची पद्धत ठरलेली होती. लालभडक तापवून तेलात बुडवलं की पोलाद कडक होतं, पण काचेसारखं. मग मंद भट्टीत दोन तास ठेवून त्याची मस्ती उतरवायची. असा हूक तीनशे किलोच्या आसपास हळूहळू उघडायचा, तुटायचा नाही. वाकायला लागला की चढणाऱ्याला दिसतं, आणि त्याला मागे फिरायला चार क्षण मिळतात.

बाबा गेले. त्याच वर्षी मोठी मागणी आली आणि भट्टी तर एकच. दादाने दोन तासांची चाळीस मिनिटं केली. मला कुणी सांगितलं नाही, यंत्रानेच सांगितलं. पहिला हूक चारशे वीसपर्यंत गेला आणि ताडकन तुटला. तुकडा जाळीवर आपटला. पाचही तसेच.

मी तक्ता घेऊन दादाच्या टेबलाशी गेले.

"आकडा वाढला की कमी झाला?" त्याने मान वर न करता विचारलं.

"वाढला. पण वाकत नाही रे. ताडकन तुटतो. जरासा झटका बसला तरी..."

"तक्त्यात आवाजाचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग आकडा लिही आणि सही कर. बाबांच्या वेळेपेक्षा मजबूत माल निघतोय, आणि तुझं तोंड बघ."

मी सही केली. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून मी दादाच्याच घरात, माडीवरच्या खोलीत राहत होते. वहिनी कधी काही बोलली नव्हती. पण बोलायला वेळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं. हे कारण आहे. सबब म्हणून सांगत नाही.

दोन महिन्यांनी पालकाका आले. खरं नाव कुणी घेत नसे. भिंतीवर पालीसारखे चढायचे म्हणून जगाचे पाल आणि आमचे पालकाका. बाबांचे मित्र. चढाई मंडळात तीस वर्षं शिकवत होते. दरवर्षी यायचे, टेबलावर हूक पसरायचे आणि भाजी निवडावी तसे एकेक निवडायचे. जाड कपारीला मोठ्या बाकाचा. डगमगू नये म्हणून रुंद बुडाचा. छिद्रात बसवायला टोकदार. आणि अगदी बारीक कडेसाठी अरुंद चोचीचा. चोच अंगठ्यावर दाबून बघायचे, उजेडात धरायचे.

"कुठे लावायचा ते मी बघतो," ते नेहमी म्हणायचे. "टिकेल किती ते तू सांग. यंदाचा माल कसा आहे, पोरी?"

दादा पलीकडे फोनवर बोलत होता. तो थांबला नाही, पण त्याचा आवाज हळू झाला.

"आकडा वाढलाय, काका," मी म्हणाले.

एवढंच. एक अक्षरही खोटं नव्हतं.

काकांनी अरुंद चोचीचे सहा उचलले आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेले.

महिन्याभराने ते पडले. शिकाऊंना दाखवायला पुढे चढत होते. हूक कडेवरून केसभर सरकला आणि परत अडकला. असा झटका ते आयुष्यभर खात आले होते. या वेळी हूक तुटला. दोर अडकवलेला खालचा आधारही निघाला आणि काका खडकाच्या पायरीवर आपटले. खुबा मोडला, टाचेचा चुरा झाला.

दादा फळं घेऊन दवाखान्यात गेला. मीही बरोबर होते. पलंगाशी बसून, काकांचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "काका, रागावू नका, पण तिथे अरुंद चोच लावायला नको होती."

"नजर गेली असेल माझी," काका म्हणाले. "वय झालं."

मंडळालाही त्यांनी तसंच लिहून दिलं, 'निवड चुकली'. मंडळाने आभार मानले आणि शिकवणी दुसऱ्याकडे दिली.

तुटका हूक मंडळाकडून आमच्याकडे आला. तुटल्या जागी साखरेसारखे दाणे चमकत होते. वाकल्याची खूण कुठेच नव्हती. मी तो आठ दिवस खिशात घेऊन फिरले. नवव्या दिवशी काकांच्या घरी गेले आणि भट्टीपासून सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या खेपेपासून."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा?"

"हो."

"तुझ्या भावाचं मी समजू शकतो," ते म्हणाले. "त्याला मी कधी काही विचारलंच नव्हतं." आणि भिंतीकडे तोंड वळवलं. "मी स्वतःला दोष देत होतो ना, तेच बरं होतं. जा आता."

मी मंडळाला पत्र लिहिलं. त्यांनी तक्ते मागवले. दादाने सगळे नीट पंच करून पाठवले. प्रत्येकावर माझी सही. "चाचणी बहिणीकडे होती," तो म्हणाला. "तिने कधी लेखी हरकत घेतली नाही." तेही खरंच होतं. विकलेला माल मंडळाने दादाला परत मागवायला लावला, मला कामावरून काढायला सांगितलं आणि प्रकरण मिटवलं. काकांची शिकवणी काही परत आली नाही; नवा माणूस रुळला होता म्हणे.

माडीवरची खोली वहिनीला मुलांच्या अभ्यासाला हवी होती. आता मी दारांच्या कड्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. दादाची भट्टी पुन्हा दोन तास चालते, असं ऐकते. जाहिरातीत लिहितो, 'वडिलांची पद्धत'.

मागच्या आठवड्यात काकांकडे गेले होते. दार काकूंनी उघडलं. "झोपलेत ते," त्या म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावरून मला काका दिसत होते. खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"बरं," मी म्हणाले आणि जिना उतरले.