पुस्तकाबाहेरची खेळी

वासुदेवदादांना बुद्धिबळात हरवायचं तर त्यांना पुस्तकाबाहेर काढावं लागतं, हे प्रमोदिनीनं लहानपणीच ओळखलं होतं. दादा रेल्वेकडून स्पर्धा खेळत. ब्रह्माघाटावरच्या वैदिकांना ऋचा पाठ असाव्यात, तशा डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या त्यांना पाठ होत्या. त्या वाटेनं गेलं की धाकट्या बहिणीची हार ठरलेली. म्हणून ती पहिल्याच खेळीला राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं ढकलायची. असलं कुणी खेळत नाही, म्हणून दादा वैतागत आणि मग खरोखर विचार करायला बसत. हरले तर दिवसभर खूश असत.

तिचं सासर रामघाटावर, दादांचं घर जवळच दूधविनायकाला. दोघंही नोकरीतून निवृत्त झाली, तरी रविवारचा डाव चुकला नव्हता.

गेल्या वर्षी दादा नेहमीच्या गलीत घर शोधत उभे राहिलेले सापडले. स्मृती जात चालली आहे, ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जे जमतं ते करू द्या, म्हणाले.

त्या रविवारी प्रमोदिनीनं सवयीनं तेच प्यादं ढकललं. दादा पटाकडे बघत राहिले. त्यांनी एक मोहरा उचलला, ठेवला, दुसरा उचलला.

"मला येत नाही गं हे," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

पुढच्या वेळी तिनं राजापुढचं प्यादं टाकलं, अगदी सरळमार्गी. दादांचा हात आपोआप चालला. घोडा, उंट, राजाला हत्तीआड नेणारा किल्लेकोट, सगळं बिनचूक. नीरजावहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पण पाठ खेळ्या संपल्या आणि दादा थांबले. आता प्रमोदिनी काहीही खेळली तरी ते त्यांना परकंच होतं. तिनं मोहरे पुन्हा मांडले आणि तोच डाव पहिल्यापासून सुरू केला. मग हेच ठरून गेलं. ज्या वाटेनं ती जन्मभर गेली नव्हती, ती तिनं मोबाइलवर बघून घोकली, दादांना अडू नये म्हणून.

तरी वाट आखूड होत गेली. आधी किल्लेकोट गेला, मग उंट. दादा अडले की ती पुढची खेळी हळूच सांगून बघायची. ते मान हलवायचे, पण हात मांडीवरच राहायचा. तिनं दादांच्या जुन्या जोडीदाराला, विष्णुपंतांना, आणून बसवलं. त्यांनाही दादांचा हात पटाकडे वळवता आला नाही.

परवा दादांनी हत्ती तिरका नेला. प्रमोदिनीनं चूक दाखवली नाही. आपलं एक प्यादं सरकवलं. दादांनी पटावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. गाव हिंदी बोलणारं असलं तरी त्या मराठी घरात हिंदी फक्त बाहेरून आलेल्यांशी बोलत.

"आप कहाँ से आई हैं?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"रामघाटावरून आले, दादा," प्रमोदिनी म्हणाली.

"अच्छा, अच्छा," दादा म्हणाले आणि नीरजावहिनींना हाक मारून पाहुणीसाठी चहा टाकायला सांगितलं.