मला कार्डाचा हेवा वाटतो

मी शीळफाट्याजवळच्या एका आरोग्य केंद्रातला मायक्रोस्कोप बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मला त्या मलेरियाच्या कार्डाचा भयंकर हेवा वाटतो.

मी आलो तेव्हा माझा थाट होता. तापाच्या माणसाचा रक्ताचा थेंब काचेवर घेऊन टेक्निशियन जागृतीताई तासन्‌तास माझ्यावर डोळा लावून बसायच्या. मग कार्ड आलं. बोटभर प्लास्टिक! पण त्यावर रक्ताचा थेंब टाकला की वीस मिनिटांत निकाल. लोक त्याच्याभोवती जमू लागले. माझ्या कव्हरवर कुणी छत्री वाळत घालायचं.

गेल्या ऑगस्टात ॲडेलिनबाई नवऱ्याला, टेरेन्सला, धरून घेऊन आल्या. तीन दिवस ताप. कार्ड म्हणालं, मलेरिया नाही.

"असं कसं?" ॲडेलिनबाई म्हणाल्या. "आमच्या आळीत सगळ्यांना मलेरियाच झालाय. गोळ्या द्या ना, आम्ही निघतो."

"थांबा, काच बघते," म्हणत जागृतीताईंनी माझं कव्हर काढलं.

सापडू दे एखादा जंतू, मी मनात म्हटलं, कार्ड तोंडघशी पडू दे! आजारी माणसाच्या रक्तात मी मलेरिया मागत होतो. इतका जळत होतो मी.

ताईंनी काचेवरच्या शंभर जागा पाहिल्या. मग आणखी शंभर. काहीच नाही. कार्डच खरं निघालं.

ताईंनी मान वर करून टेरेन्सकडे नीट पाहिलं. डोळे लालबुंद.

"पाय दुखतात?"

"पोटऱ्या नुसत्या फुटतायत."

"शेतात उतरलेलात?"

"आठवडाभर चिखलातच होतो. टाच कापलेली, तसाच अनवाणी."

"अहो, मलेरिया नाही म्हणजे आजारच नाही असं नसतं. हा लेप्टो असू शकतो. उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी जखमेत गेलं की होतो."

डॉक्टरांनी तपासून लगेच औषध सुरू केलं आणि ॲम्ब्युलन्सनं त्यांना ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या तपासणीत लेप्टोच निघाला.

बाराव्या दिवशी टेरेन्स आपल्या पायांनी चालत आले, ताईंसाठी शेतातली भेंडी घेऊन. ॲडेलिनबाई दारातच रडल्या. "मी त्यांना गोळ्या घेऊन घरी नेणार होते हो!"

ते कार्ड तर तपासणीच्याच दिवशी कचऱ्याच्या पिशवीत गेलं होतं. आपण खरे ठरलो, हेही त्याला कळलं नाही. मला वाईट वाटलं. थोडंसंच.

आता कार्डांचा नवा डबा आलाय आणि मी पुन्हा जळतोय. पण एक मागणं आहे. आम्ही दोघांनीही 'नाही' म्हटलं, तर तसेच घरी जाऊ नका. तिथेच उभं राहून विचारा, "मग हा ताप कसला?"