आपला नसलेला डाग

"बाई, तो पुसू नका. तो डाग आपला नाही."

बाईंचं बोट बटणावर थबकलं. फार दूरच्या आकाशगंगांचे फोटो काढणाऱ्या त्या दुर्बिणीवर बाई मुख्य शास्त्रज्ञ, आणि बोलणारे धूळमामा पडद्याचं काम बघणारे कामगार. रोज दुपारी घुमट बंद करून ते एका पांढऱ्या पडद्याचा फोटो काढत. त्या कोऱ्या फोटोत कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ दिसे. तेवढी रात्रीच्या फोटोतून वजा करायची. बावीस वर्षं हेच. बायको म्हणे, लोक माणसांचे फोटो काढतात, आमचे हे चादरीचे.

या खेपेला बाईंच्या गटाच्या वाट्याचा आठवडा ढगांनी खाल्ला होता. कालच्या रात्रीचा एकच फोटो पदरात पडला, आणि त्याच्या कोपऱ्यात हा अंधूक ठिपका. बाई धूळ म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

मामांनी वही उघडली. डाग कधी आला, कुठे बसला, कोणत्या सफाईत गेला, सगळं तीत होतं. एका चिवट डागाचं नाव 'मेव्हणा' होतं. या कोपऱ्यात मात्र एकही नोंद नव्हती.

बाई म्हणाल्या, कालचा पडदा झाल्यावर बसली असेल धूळ.

"मग आजच्या पडद्यात दिसली असती. बसलेली धूळ आपण होऊन उठत नाही. मेव्हणा बघा, चार वर्षं हलला नाही."

त्यांचं म्हणणं एवढंच, की आज दुर्बीण केसभर सरकवून पुन्हा फोटो घ्या. धूळ असेल तर जागेवर राहील, आकाशातलं असेल तर ताऱ्यांबरोबर सरकेल. पण आजची रात्र दुसऱ्या गटाची, आणि अर्धा तास मागायला हात पसरणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. मामा खुर्ची ओढून बसले. महिनाअखेर निवृत्त होणाऱ्या माणसाला कसली घाई? चहा गार झाला, मामा हलले नाहीत.

"आणि धूळच निघाली तर?" शेवटी बाईंनी विचारलं.

"तर ही वही रद्दीत घाला. मीच बांधून देतो."

बाईंनी फोन उचलला.

सकाळी ठिपका ताऱ्यांबरोबर सरकलेला होता. त्या नव्या आकाशगंगेच्या अहवालावर सोळा नावं लागली. त्यांत मामांचं नव्हतं. बाईंनी मात्र फोटोची मोठी प्रत काचेत बसवून मामांच्या घरी पाठवली.

बायकोनं चष्मा लावून ती बराच वेळ न्याहाळली. "यातलं तुमचं काय?"

मामांनी रुमालानं काच पुसली. उजेडाकडे धरली, पुन्हा पुसली.

"कोपऱ्यातला," ते म्हणाले. "पुसूनही गेला नाही, तो."