गालातला कापूस

मामाचा फोटो शेवटी पास झाला. हे आधीच सांगून टाकलं, कारण लोकांना शेवटाची फार काळजी असते. आता तो पास झालेलाच नाही, असं धरून चालू.

तर मामा स्टुलावर बसला होता आणि कचेरीच्या खिडकीतून परत आलेला स्वतःचा फोटो माझ्या नाकासमोर नाचवत होता.

"सावली म्हणे! माझ्या फोटोत! माझ्या!"

फोटोमागे लाल शाईत लिहिलं होतं: चेहऱ्यावर सावली. रद्द.

मामाचा स्टुडिओ कचेरीच्या बरोबर समोर होता. तिथे फक्त ओळखपत्राचे फोटो निघत. दोन बाजूंना दोन दिवे, पाठीमागे एक, आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर पांढरं कापड. या चौघांच्या तावडीतून सावली सुटणं शक्य नव्हतं. मामाचं तत्त्वज्ञान दोन वाक्यांचं होतं. "खड्डा भरायचा. रस्त्यातला कचेरीवाले भरत नाहीत, म्हणून गालातला आपण भरायचा."

बाकी स्टुडिओबद्दल जेवणाआधी वाचू नये. पुरुषांसाठी एक काळा कोट होता. त्याला फक्त पुढची बाजू होती, मागे नाड्या. कॉलरला अख्ख्या गावाची मान लागलेली. पावडरचा पफ कधीकाळी गुलाबी होता म्हणे, आता त्याचा रंग घाम होता. कंगव्यात तऱ्हेतऱ्हेचे केस सलोख्याने नांदत होते. मी एकदा कोट धुवायला काढला, तर मामा म्हणाला, "नको. मळामुळेच उभा राहतो तो."

मी तिथे कामाला होते, कारण मला फिल्म करायची होती. आमच्या घराण्यात दिव्याशी संबंध आलेला माणूस तो एकच. फिल्मच्या शाळेने प्रवेशासाठी एकच गोष्ट मागितली होती: एक चेहरा, एक दिवा, थोडी मिनिटं. आणि मी शिकत होते ते सावली मारायला. पण मारायची तर ती जन्मते कुठे हे कळावं लागतं, आणि ते मामा शिकवायचा.

"नाकाखाली दिसली? दिवा फार वर आहे. डोळ्याच्या खोबणीत बसली? कापड पुढे घे. गळ्यावर पडली? मान वर करायला सांग."

"आणि नाहीच गेली तर?"

"तर गिऱ्हाइकाला जायला सांग."

आता गिऱ्हाईक तोच होता. पोटाच्या दुखण्याने तो वाळून कोळ झाला होता. दवाखान्यात उपचार हवे तर कार्ड हवं, कार्ड हवं तर फोटो हवा. आणि कितीही दिवे लावले, तरी गालाच्या हाडाखाली सावली मुक्काम ठोकून बसलेली. मी फोटो घेऊन खिडकीवर गेले. खिडकीतला साहेब पेनच्या टोपणाने कान कोरत होता. जे निघालं ते त्याने नीट निरखलं. फोटो एवढा निरखला नाही.

"साहेब, ही सावली नाही, गाल आहे."

"गाल असा काळा कसा?"

"आजारी आहे मामा."

"मग बरे झाले की काढा."

"बरं व्हायलाच कार्ड हवंय."

"तो दवाखान्याचा प्रश्न. आमच्याकडे फक्त सावली." त्याने टोपण पुसलं, मामाच्या फोटोच्या कोपऱ्याला.

परत आले तर मामा कोटाच्या नाड्या बांधून तयार. "कापूस आण. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना मी हेच करतो. गालात कोंबायचा."

"कुठला कापूस?"

"डबीतला, आधीच्या म्हाताऱ्यांचा चालेल. वाळला असेल."

मी दुकानातून नवा आणला. डबी उघडली नाही, ती आजही उघडलेली नाही.

कापूस कोंबायच्या आधी मी एका बाजूचा दिवा बंद केला. मग दुसऱ्या बाजूचा चालू ठेवून मागचाही बंद केला. मांडीवरचं कापड काढून घेतलं.

"काय करतेस, कार्टे?"

"बघतेय."

अर्धा मामा उजेडात होता. उरलेला अर्धा अंधारात होता, पण पहिल्यांदाच तिथे होता. कपाळ, मग एक दरी, मग जबडा. मी कॅमेरा चालू केला. मामाने सवयीने मान थोडी वर केली, आणि मग स्वतःच खाली घेतली.

नंतर त्याने ते पाहिलं. "शी! भिंतीला ओल आल्यासारखा दिसतोय."

"तूच आहेस."

"आहे खरा." बराच वेळ पाहत राहिला. "पुसून टाक."

"हो," म्हणाले, आणि पुसलं नाही.

कापसाचा फोटो पास झाला. त्यात मामा भरल्या तोंडी पकडल्यासारखा दिसतो. कार्ड मिळालं. आम्ही दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी कार्ड पाहिलं, मामाला पाहिलं, परत कार्ड पाहिलं.

"हे तुम्ही नाही."

मामाने भिंतीकडे तोंड केलं. खिशातून आधी कंगवा काढला, केस विंचरले. मग कापूस काढला, दोन्ही गालांत भरला आणि वळला.

"आता बरोबर," बाई म्हणाल्या आणि त्याला आत सोडलं.

दर खेपेला हेच. आत जाण्याआधी तो कापूस काढायचा, लाळेची तार तुटेपर्यंत थांबायचा आणि माझ्या तळहातावर ठेवायचा. "धर." कोमट, ओला गोळा. मी मूठ मिटून बाकावर बसायचे, तो बाहेर येईपर्यंत.

पुढे मामाला कापूस लागेनासा झाला.

आईने कार्डावरचाच फोटो मोठा करून, हार घालून बाहेरच्या खोलीत लावला. "दादा किती भरलेला दिसतोय, नाही?"

मी तिला दुसरा दाखवला, फिल्ममधून काढलेला, एका दिव्यातला.

"शी! किती आजारी दिसतोय. लोक काय म्हणतील?"

"आजारीच होता, आई."

"म्हणून काय भिंतीवर लावायचं?"

फिल्म शाळेला पाठवली आहे. अजून उत्तर नाही. तिथेही खिडकी असणार, आणि खिडकीत टोपण.

तरी संबंधित खात्यास सविनय विनंती करण्यात येते की, माझ्या मामाचा आपण मंजूर केलेला फोटो कापसाचा असल्याने तो मागील तारखेपासून रद्द समजावा. आणि त्याऐवजी सोबत जोडलेला, डाव्या गालावर सावली असलेला फोटो मूळ मामा म्हणून दाखल करून घ्यावा, ही विनंती. कापूस परत नको.