डॉक्टरबाईंच्या पाठीमागे

वेंडेलिन हुदाकचा राग आधी कोर्नेलवर होता, आणि तो अगदी सोयीचा राग होता. सगळं ब्रेझोवेत्स गावच त्या कोर्नेलवर खवळलं होतं. बेकरीतली बाई पिशवीत पाव टाकता टाकता म्हणाली, "उद्या त्याला सोडायचं नाही हां, वेंडो." चर्चच्या पायऱ्यांवरचं बर्फ झाडणारे फादरसुद्धा खराटा थांबवून म्हणाले, "देव क्षमा करणारा आहे रे बाबा. पण आधी त्याला एक सणसणीत बसू दे."

झालं होतं ते असं. उपांत्यपूर्व फेरीच्या सात सामन्यांच्या मालिकेतला सहावा सामना अगदी शेवटाकडे आला होता. तेव्हा पाहुण्या संघाच्या या कोर्नेलने शिमोनला खांद्याने धडक दिली आणि पोरगा बर्फावर आडवा झाला तो उठलाच नाही. स्ट्रेचरवरून न्यावा लागला. आइस हॉकीत बचावपटू जोडीजोडीने खेळतात, आणि शिमोन हा वेंडोचा जोडीदार. वेंडो अडतीस वर्षांचा, शिमोन वीसचा. पोरगं चकती घेऊन पुढे उधळायचं आणि वेंडो मागे राहून त्याचं सगळं निस्तरायचा. वर्षभर हेच चाललं होतं, आणि शिव्या घालत का होईना, वेंडोला ते आवडत होतं.

वेंडोला संघात सगळे 'ट्रंक' म्हणायचे. पोरं 'ट्रंककाका' म्हणायची. ट्रंक उचलून तो देशोदेशी खेळत फिरला होता. रशियातलं खाबारोव्स्क झालं, कझाकस्तान झालं. स्वीडनमध्ये प्रेक्षक देवळात बसल्यासारखे गप्प बसायचे आणि वेल्समध्ये खेळ सोडून गाणी म्हणायचे. कॅनडातल्या एका खाणीच्या गावात त्याने दोन दात ठेवले. प्रत्येक ठिकाणी मोसम संपला की मॅनेजर येऊन खांद्यावर हात ठेवायचा. तो हात पडला की समजायचं, ट्रंक काढायची. या धावपळीत त्याच्या मुलीने, नेलाने, इतक्या शाळा बदलल्या, की शेवटच्या शाळेत तिने कुणाला नावच सांगितलं नाही. "सांगून काय उपयोग, बाबा?" असं तिनेच विचारलं.

म्हणून तो आपल्या गावी परतला. मुख्य कोच ब्लाझेय क्रुपाने त्याला शब्द दिला होता की येत्या मोसमापासून बचावपटूंचा कोच तूच. बायकोने, यार्मिलाने, त्याच दिवशी ती ट्रंक तळघरात नेली आणि तिच्यात हिवाळ्याचे बटाटे भरले.

पण सहाव्या सामन्यातली एक गोष्ट गावाला माहीत नव्हती.

कोर्नेलच्या धडकेच्या बऱ्याच आधी, सामन्याच्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागात, शिमोन आपल्याच पायाने घसरून कठड्यावर डोक्याने आदळला होता. उठला, पण आपल्या बाकाऐवजी पाहुण्यांच्या बाकाकडे निघाला. लोक हसले. संघाच्या डॉक्टरबाईंनी त्याला बाकामागच्या बोळात खुर्चीवर बसवलं आणि ठरलेले प्रश्न सुरू केले. क्रुपाने वेंडोकडे बघून नुसती हनुवटी हलवली. वेंडोला आणखी सांगावं लागलं नाही. तो जाऊन डॉक्टरबाईंच्या पाठीमागे उभा राहिला.

"कितवा भाग चाललाय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. वेंडोने दोन बोटं वर केली.

"दुसरा," शिमोन म्हणाला.

"शेवटचा गोल कुणी केला?" वेंडोने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"काकांनी. आणि हे वर्षातून एकदाच होतं, डॉक्टर." बाई हसल्या आणि म्हणाल्या, जा, खेळ.

यात काही वाईट केलं असं वेंडोच्या मनातही आलं नाही. त्यांच्या जगात ही लबाडी नव्हतीच, ही माणुसकी होती. खाबारोव्स्कला असताना एका म्हाताऱ्या लात्वियन गड्याने त्यालाही अशीच उत्तरं सांगितली होती, आणि सामन्यानंतर वेंडोने त्याला बियर पाजून मिठी मारली होती. ऐन मालिकेत आपल्या जोडीदाराला बाकावर बसू देणारा जोडीदार तो कसला?

सहाव्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बेकरीतला पाव तसाच काखेत धरून, तो क्रुपाबरोबर इस्पितळात गेला. खोलीचे पडदे ओढलेले होते. शिमोनच्या डोळ्यांवर ओला रुमाल होता. त्याची आई बेर्नादेता उशाशी बसली होती. स्टेडियमच्या दाराशी भाजलेल्या सॉसेजची टपरी चालवणारी बाई, वेंडोच्याच वर्गातली. तिने कोबीचं आंबट सूप आणलं होतं. त्यातले दोन घोटही पोराच्या पोटात ठरले नव्हते.

"वेंडो, तू तिथे होतास म्हणून मला धीर तरी आहे," ती म्हणाली. "त्या राक्षसाच्या तावडीत माझं पोर एकटं सापडलं असतं तर?"

"काका," शिमोन रुमालाखालून म्हणाला, "कितवा भाग चाललाय?"

"सामना संपला, राजा."

"बरं." मग थोड्या वेळाने पुन्हा, "काका, कितवा भाग?"

वेंडोचा हात आपोआप वर गेला. दोन बोटं. पोराच्या डोळ्यांवर रुमाल होता आणि हा वेडा त्याला बोटं दाखवत होता. त्याने हात खिशात कोंबला.

तेवढ्यात इस्पितळाचे डॉक्टर आले. ते क्रुपाला म्हणाले, "पहिल्यांदा आदळला तेव्हा हा भानावर होता का? नीट आठवून सांगा. एकच मार असेल तर गोष्ट वेगळी. मेंदू आधीच दुखावलेला असताना वर दुसरा बसला असेल, तर फार वेगळी. पुढचे उपचार त्यावर ठरणार आहेत."

"सगळी उत्तरं बरोबर दिली त्याने," क्रुपा म्हणाला. "हा तिथेच उभा होता. काय रे वेंडो?"

"हो," वेंडो म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात क्रुपाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास. आता उद्या तेवढं कोर्नेलला आडवं कर. बाकी सगळं गाव विसरून जाईल."

तेव्हा वेंडोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावभर पेटलेला हा राग क्रुपाच्या किती कामाचा होता! जितका कोर्नेल नालायक, तितका क्रुपा स्वच्छ. आणि तितकाच वेंडेलिन हुदाकही स्वच्छ. त्याला तो खांद्यावरचा हात पिरगाळून मोडावासा वाटला. पण त्याने काही केलं नाही, नुसता चालत राहिला. याचा राग त्याला सगळ्यात जास्त आला.

घरी येऊन त्याने यार्मिलाला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी होती.

"तुला बोलायचंच असेल तर बोल," ती म्हणाली. "मी नको म्हणणार नाही. पण पुन्हा गाव सोडावं लागणार हे नेलाला सांगायचं काम माझ्यावर टाकू नकोस. दर वेळी मीच सांगते."

"अजून काही ठरलं नाहीये."

"ठरलंय. तुझ्या तोंडावर दिसतंय," ती म्हणाली आणि बटाटे आणायला तळघरात गेली.

सातव्या सामन्याला स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बेर्नादेताने त्या दिवशी टपरी उघडली नाही. बहिणीला शिमोनपाशी बसवून ती कोपऱ्यात कठड्यावरच्या काचेला खेटून उभी राहिली होती. तिला कोर्नेल पडलेला बघायचा होता, आणि तसं ती ज्याला त्याला सांगत होती.

शेवटच्या भागात बरोबरी असताना तो क्षण आला. कोर्नेल चकतीसाठी कठड्याकडे वळला, पाठ उघडी टाकून, खाली वाकून. वेंडो पूर्ण वेगात त्याच्या मागे होता. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. "हाण! हाण त्याला!" फादरांचा आवाजही त्यात होता. वेंडोने खांदा खाली घेतला. त्याला दिसली ती वाकलेली मान, आणि काचेपलीकडचं बेर्नादेताचं तोंड. त्याने दोन्ही पाय आडवे करून स्केटची पाती बर्फात रुतवली. कोर्नेलच्या पाठीवर नुसता बर्फाचा भुगा उडाला. कोर्नेल दचकून वळला, चकती पुढे ढकलून मोकळा झाला, आणि त्याच्या साथीदाराने गोल केला. ब्रेझोवेत्स तेवढ्यावर हरलं.

"शेपूट घातलंस ना?" क्रुपा बाकावरून किंचाळला. वरून प्लास्टिकचे पेले आणि अर्धे खाल्लेले पाव बर्फावर पडू लागले.

मालिका संपली की दोन्ही संघ समोरासमोर रांग धरतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो. नाक फुटलेलं असलं तरी घेतो, दात पडले असले तरी घेतो. वेंडोने तो रिवाज कुठल्याच देशात मोडला नव्हता. कोर्नेल समोर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"कसा आहे तो?" कोर्नेलने विचारलं. "मी फोन केला होता तुमच्याकडे. कुणी बोललंच नाही माझ्याशी."

"तुझी धडक नियमातलीच होती," वेंडो म्हणाला. "हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं. जा घरी."

रांग संपली, आपले लोक खाली मान घालून आत निघाले. वेंडो मात्र कोपऱ्यातल्या दारापाशी गेला आणि ते उघडलं. बेर्नादेता अंगावरच धावून आली.

"का सोडलास त्याला? सांग ना, का सोडलास?"

"कारण त्याने काही केलं नव्हतं. बेर्नादेता, शिमोन आधीच भानावर नव्हता. तो स्वतः आदळला ना, तेव्हापासूनच. डॉक्टरबाईंच्या पाठीमागे उभं राहून सगळी उत्तरं मी सांगितली. आणि परवा त्याला परत आत मीच नेलं."

क्रुपा तोपर्यंत मागे येऊन उभा राहिला होता. "दमलाय हो तो, ताई. हरल्यावर माणूस काहीही बरळतो. वेंडो, आत चल."

"हनुवटी तू हलवलीस," वेंडो म्हणाला. "आणि मी कुत्र्यासारखा गेलो."

"आजच ट्रंक काढायची तुझी! समजलं?"

"तिच्यात बटाटे आहेत!" वेंडो इतक्या जोरात ओरडला, की वरच्या रांगांत निघालेले लोक थांबले. कुणी हसलं नाही.

इतके हात हातात घेऊन आल्यामुळे असेल, त्याचा हातमोजा काढलेलाच होता, आणि आपला हात बेर्नादेतापुढे कधी गेला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली.

"कालपासून तो एकच बोलतोय," ती म्हणाली. "आई, मला नको विचारू, काकांना विचार. काकांना सगळं माहीत असतं. मला वाटलं, भ्रमात बोलतोय. मी त्याला गप्प केलं."

तिने आपले हात कोटाच्या खिशात घातले.

"ते पायातलं काढ आणि चल माझ्याबरोबर इस्पितळात," ती म्हणाली. "आता डॉक्टरांच्या समोर उभा राहून सांग."