एक्केचाळीस थांबे

"क्षमा, हीं माणसें राँग साइडनें कां चाललींत म्हणून मी चार महिने बघतों आहें," वादिराजराव म्हणाले. "आज कळलें."

मी टायपिंग थांबवून वर पाहिलं. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक फोटो लावलेला होता. फ्रान्समधल्या दोर्दोन्य नदीचं खोरं, काठाने जाणारा अरुंद रस्ता, एका बाजूला अक्रोडाची झाडं आणि पाठमोरे चाललेले तीन सायकलवाले. कामाला सुरुवात झाली तेव्हा इंग्लंडच्या कंपनीने पाठवलेला. मीही तो रोज बघत होते.

"सावली आहे त्या बाजूला," मी म्हटलं. "आपल्याकडे नाही का जात लोक सावली धरून?"

"मलाही तसेंच वाटलें. सावलीसाठीं जाताहेत म्हणून." ते खुर्चीत बसले. "अय्यो. तिथें सगळेच उजवीकडून जातात की ग."

मी आमचं छापून आलेलं पुस्तक पुढ्यात ओढलं.

आमचं ऑफिस मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात, दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. तिथे बसून आम्ही फ्रान्समधल्या शांत रस्त्यांची पुस्तकं बनवत होतो. साठी उलटलेल्या इंग्रजांना गर्दी नसलेल्या वाटांनी सायकलवर फिरवणारी एक कंपनी होती. ती रस्त्याची मोजमापं, फोटो, नकाशे पाठवायची. मी वळणं लिहायचे: तीन किलोमीटर चारशे मीटरवर चर्च, तिथून उजवीकडे. वादिराजराव प्रत्येक दिवसाचा रस्ता एका लांबट पट्टीवर काढायचे, आधी हाताने ट्रेसिंग पेपरवर, मग मुलं ते संगणकावर घ्यायची. आमच्यापैकी कोणी फ्रान्स पाहिलं नव्हतं. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या बँकेमागोमाग मद्रासला आलेली. मला कोयना पाहिल्याची घमेंड होती आणि कुठल्याही नदीचं वर्णन मी त्याच जोरावर ठोकून द्यायचे.

वादिराजराव तंजावूरकडच्या मराठ्यांतले. तीस वर्षं रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दुसऱ्याने पेन्सिलीने काढायचं, यांनी शाईने गिरवायचं. संगणक आले तशी ती जागाच गेली. दोन वर्षं ते मद्रासबाहेर गुम्मिडिपूंडीला मुलाच्या घरी बसून होते. तेवढ्यात हात थरथरायला लागला. डॉक्टर झाले, कषाय-काढे झाले, सुनेने सांगितलेला नवससुद्धा झाला. मग दोन हजार पाच साली कौशिकने, म्हणजे आमच्या मालकाने, ओळखीतून त्यांना बोलावलं आणि हीच पहिली नदी हातात दिली. आठ दिवसांत थरथर गेली. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि सांगताना हात पुढे करून दाखवला होता. या कामावाचून त्या हाताचं काय होईल, याची त्यांना खरोखर भीती वाटायची.

आता चूक काय झाली ते सांगते. दर पाच-सहा किलोमीटरवर विसाव्याची एक जागा आम्ही सुचवायची होती. पाण्याचा नळ, बाक, नदी दिसेल असा कठडा, काहीही. कंपनीच्या यादीतून त्या निवडायचं काम वादिराजरावांनी मागून घेतलं. म्हातारी माणसं सायकल घेऊन रस्ता कशाला ओलांडतील, म्हणून त्यांनी एकेक जागा पारखून रस्त्याच्या डाव्या अंगाचीच घेतली. एक्केचाळीस थांबे, आणि एकूण एक डावीकडे. एवढ्या काळजीने केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही. पुस्तक छापून झालं होतं. पहिली तुकडी दहा दिवसांनी निघणार होती.

"बाकीचें पर्वाइल्ले, चालून जाईल," ते म्हणाले. पट्टीवर त्यांचं बोट दुसऱ्या थांब्याशी थांबलं. "पण हा बघ. कडा आहे, रस्ता वळतो, समोरचें दिसत नाहीं. वळण संपतें तिथेंच मी त्यांना पलीकडे जा म्हणून सांगितलें आहे. खडीच्या लॉऱ्या येतात त्या रस्त्यानें."

आम्ही कौशिककडे गेलो. तो बत्तिसाचा, मराठी घरातला पण वैतागला की इंग्रजी आणि लाडात आला की तमिळ. त्या दिवशी मराठीच बोलला, म्हणजे घाबरला होता.

"मामा, रूट चुकलाय का? नाही ना. वळणं? नाही. मग आपण कशाला सांगायचं? त्यांनी पण चेक केलं होतं."

"त्यांनीं वळणें बघितलीं. थांबे बघितले नाहींत."

"लोकांना डोळे आहेत, मामा. बघून क्रॉस करतील. आणि आपण कळवलं तर पहिली गोष्ट काय विचारतील? थांबे कोणी निवडले म्हणून विचारतील. मी काय सांगू?"

"माझें नांव सांग."

"मग ते म्हणतील, त्या माणसाला काढा."

 वादिराजरावांनी उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी कौशिकची बाजू घेतली. म्हटलं, मामा, दहा दिवसांत काय बदलून होणार आहे, पुढच्या आवृत्तीत गुपचूप बदलू. मनात होतं की ती वाक्यं तर मीच टाइप केली होती, आणि बोट माझ्याकडेही वळलं असतं.

"सिग्नल ड्रायव्हरला दिसावा म्हणून उभा करतात," ते शेवटी म्हणाले. "आपली अब्रू झांकावी म्हणून नव्हे. कौशिक, तूं लिहीत नसशील तर मी लिहितों. मी चुकलों म्हणून लिहितों. इंग्रजी तेवढें येतें मला."

आणि लिहिलंसुद्धा. रेल्वेच्या अर्जाच्या भाषेत, 'सविनय सादर' छापाचं, आठ ओळींचं. कौशिकने ते वाचलं, बराच वेळ मान खाजवली, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. लोकांना रस्ता ओलांडावा लागू नये असा विचार कोणी केला होता, हेच त्यांना नवीन होतं. तोच विचार उजव्या बाजूने पुन्हा करा आणि बुधवारपर्यंत पाठवा, पुस्तकात सुटा कागद घालू, असं लिहिलं होतं. पुढच्या नदीच्या कामाचं ही तुकडी परत आल्यावर बघू.

"बघू म्हणजे?" मी विचारलं.

"बघू म्हणजे बघू," कौशिक म्हणाला.

शुक्रवार-शनिवार वादिराजराव नव्या जागा निवडत होते आणि खोडत होते. बासष्ट वर्षं डावीकडून चाललेलं डोकं उजवीकडे बसेना. शनिवारी निघताना मला म्हणाले, "उद्यां घरीं ये. तुझ्या नवऱ्यालाही आण. वाचून दाखवायला माणूस पाहिजे."

रविवारी सकाळी आम्ही गुम्मिडिपूंडीला उतरलो. औद्योगिक वसाहतीतले रस्ते रविवारी मोकळे असतात. कारखान्यांच्या भिंती, बंद फाटकं, मध्ये एखादं कुत्रं. वादिराजरावांनी मुलाची सायकल आणली होती आणि खडूने रस्त्याच्या कडेला थांब्यांचे आकडे घातले होते. धोतर वर खोचून ते उजव्या कडेने निघाले. नवरा बॅग सांभाळत मागे, मी हातात यादी घेऊन ओरडत: "डावीकडे चर्च! उजवीकडे नळ, पण नळाच्या आधी उतार!"

उतार ऐकला की ते वेग घ्यायचे आणि नळाच्या पुढे निघून जायचे. मग परत येऊन यादीवर काट मारायचे. "उतारावर नळ कोण बघतो? खोड. पुढचा वाच." थांबताना जन्माची सवय म्हणून डावा पाय टेकायला जायचे, तो पाय रस्त्याच्या आतल्या बाजूला पडायचा. तीनदा तोल गेला. चौथ्यांदा उजवा पाय कडेच्या दगडावर नीट टेकला तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले.

तेवढ्यात एका फाटकावरचा वॉचमन शिट्टी फुंकत आला. "सार, राँग साइड. लॉरी आली तर मला विचारतील."

"हें फ्रान्स आहे, बाबा," वादिराजरावांनी त्याला तमिळमध्ये सांगितलं.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खडूच्या आकड्यांकडे पाहिलं. "सेरी सार," तो म्हणाला, "पण अकराला कंटेनर येणार. त्याच्या आत फ्रान्स आवरा."

आवरलं. माझा नवरा, जो बँकेत कुणाशी दोन शब्द जास्त बोलत नाही, तो शेवटचे नऊ थांबे स्वतः ओरडून वाचत होता. दुसऱ्या थांब्याला मात्र वादिराजराव पाच वेळा जाऊन आले. शेवटी त्यांनी कड्याचं वळण येण्याआधीची जागा धरली. यादीप्रमाणे तिथे एका खेड्याच्या टोकाला जुना धुण्याचा हौद होता, वर छप्पर, शेजारी बाक, रस्त्याच्या उजव्या अंगाला. नदी तिथून दिसत नव्हती. "नदी पुढें दिसेल," ते म्हणाले. "आधीं माणूस पुढें जाऊं दे."

मंगळवारीच कागद गेला. तुकडी निघण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, कंपनीकडून एक लांब पुठ्ठ्याची नळी आली. कौशिकने ती वादिराजरावांच्या टेबलावर आणून ठेवली. आत नवीन नदीचे नकाशे होते. काम बघू म्हणणाऱ्यांनी तुकडी परत यायची वाटही पाहिली नव्हती. कौशिकचा चेहरा लग्न जमल्यासारखा झाला होता. "उघडा ना, मामा."

"उघडूं. आधीं हे जाऊं देत," ते म्हणाले आणि नळी बाजूला ठेवली.

शनिवारी ऑफिस एकला सुटतं. सगळे गेले, वादिराजराव उठेनात. दुसऱ्या थांब्याची, म्हणजे पहिल्या दिवसाची, पट्टी पुढ्यात होती, बोट तिच्यावर. मी पर्स उचलली आणि परत ठेवली.

"तिथें आतां साडेनऊ," ते म्हणाले. "नऊला निघणार म्हणून लिहिलें आहे. चढ आहे, म्हातारीं माणसें, हळू येतील."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. खाली झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढलं. पंखा फिरत होता. त्यांचं बोट पट्टीवर मुंगीसारखं सरकत होतं. चर्चपाशी थांबलं, पुलावर थांबलं. मध्येच ते म्हणाले, "एखादी बाई मागें राहिली असेल." आणि बोट तिच्यासाठी थांबवून ठेवलं. मला हसू आलं नाही. त्या अनोळखी बाईसाठी माझाही जीव टांगणीला लागला होता.

दोन वाजायला आले तेव्हा बोट हौदापाशी आलं. तिथे त्यांनी चांगली दहा मिनिटं बसू दिलं सगळ्यांना. मग बोट कडेकडेने, उजव्या अंगाने, वळणातून निघालं. हात अजिबात थरथरत नव्हता. वळण संपलं, नदीची निळी रेघ लागली, तरी ते आणखी थोडं पुढे गेले आणि मगच बोट उचललं.

त्यांनी पिशवीतून डबा काढला, अर्धा दहीभात झाकणावर काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"जेव," ते म्हणाले. "सगळे पुढें गेले."