तपासलेली भाजी

"मामा, कालचा पालक कुठंय?"

मिक्सरमामांनी मान वर केली नाही. ते गाजरं धूत होते, आणि हात पाण्यात असताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. गावात पिकणारी भाजी आणि फळं त्या प्रयोगशाळेत तपासायला येत. ती धुवायची, चिरायची, ओव्हनमध्ये वाळवायची आणि मिक्सरमधून फिरवून पूड करायची, हे मामांचं काम. नाव त्यावरूनच पडलं होतं. पुडीच्या पुढचं सगळं वरच्या मजल्यावरच्या लोकांचं. पिशवीवर नुसता आकडा असायचा. कुठल्या मळ्यातली भाजी, निकाल काय लागला, हे खाली कोणी सांगत नसे आणि मामाही विचारत नसत.

"पूड दिली की काल तुमच्या टेबलावर."

"पूड नाही हो, उरलेला पालक. यंत्रानं आकडा भलताच दाखवलाय. माझंच काहीतरी चुकलं असणार. पुन्हा करून बघते."

या मॅडम नव्या होत्या. चूक झाली तर ती आधी स्वतःची धरत, म्हणून मामांना त्या आवडत.

"उरलाय कुठं? घरी नेला."

"घरी? कशाला?"

आता मात्र मामांनी मान वर केली. पोरगी शिकलेली होती, पण काय विचारत होती! "पालक कशाला नेतात मॅडम? खाल्ला."

नमुना यायचा तो पिशवी भरून, आणि तपासणीला लागायचा मूठभर. उरलेला नष्ट करायचा असा नियम होता. मामांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तो पाळून पाहिला. कोवळ्या काकड्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना त्यांना उपाशी झोपलेलं आपलं लहानपण आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी कापडी पिशवी आणायला सुरुवात केली. जुन्या साहेबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मामांचा संसार त्या पिशवीवर उभा राहिला. मुलगा त्याच भाजीवर मोठा झाला, परगावी नोकरीला लागला. बायको शेजारणींना ऐटीत सांगे, "आमच्याकडे बाजारातली येत नाही बाई. आमच्याकडे तपासलेली भाजी असते." शेजारणी मनातल्या मनात जळत, आणि अधूनमधून वाटी घेऊन यायला लाजतही नसत.

मामांनी साहेबांनाही कितीदा आग्रह केला होता. साहेब हसून म्हणायचे, "नको, आमची भाजी लांबून येते." मोठ्या माणसांचा मोठा खर्च, असं म्हणून मामांनी तो विषय सोडून दिला होता.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मामा, त्या पालकात शिसं निघालंय. खूप."

"पण मी धुतो ना. तीन पाण्यांनी धुतो. माझ्याइतकं या इमारतीत कोणी धुवत नाही, विचारा कुणालाही."

"तुम्ही धुतलेलाच पालक तपासला मी. ते वरून लागलेलं नसतं. मुळातून येतं, पानात मुरतं. धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही."

मामांनी नळ बंद केला. "एखादी जुडी असेल तशी. रोज कुठं तशी येते?"

 मॅडम सावकाश म्हणाल्या, "आपण कुठलीही भाजी उचलून आणत नाही. जिथली शंका येते तिथलीच आणतो. नाल्याच्या पाण्यावरची, बॅटरीच्या कारखान्यामागची. चांगल्या मळ्यातली आणून काय करायचंय?"

 अख्ख्या गावात पिकलेल्यातली नेमकी वाईट तेवढी वेचून, निवडून, धुऊन त्यांनी इतकी वर्षं घरी नेली होती. शत्रूनेही एवढी निगुतीनं नेली नसती.

"घरी लहान कोणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नात."

"केवढी?"

"तीन पूर्ण झाली."

"बोलते नीट? पोट दुखतं का तिचं?"

मामा गाजरांकडे बघत राहिले. ठकी बोलत नव्हती. हाताला धरून ओढायची, बोट दाखवायची, हसायची, पण शब्द म्हणून नाही. पोट तर नेहमीचं. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं होतं, दोनदा. आजी म्हणायची, "हिचे आजोबाही उशिरानंच बोलले, आणि बोलले ते काय दिवे लावले?" घरात सगळे हसायचे. सून हसायची नाही.

"मॅडम, सूनबाईला दिवस होते तेव्हा आम्ही तिला खूप पालेभाजी घातली. रक्त वाढतं म्हणून."

मॅडमनी त्यांच्या ओल्या हातावर हात ठेवला. "उद्याच तिचं रक्त तपासून घ्या. मी चिठ्ठी देते."

घरी आल्यावर मामांनी चपला काढायच्या आधी स्वयंपाकघर गाठलं. उरलेला पालक ओट्यावर निवडून ठेवला होता. त्यांनी तो उचलून कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, वर शिजवलेल्या भाजीचं पातेलं उपडं केलं.

"अहो! वेड लागलंय का तुम्हाला? अन्न टाकताय?" बायको ओरडली.

मामांनी सांगितलं. जेवढं कळलं होतं तेवढंच, तुटक तुटक. बायको आधी रागावली, मग म्हणाली की मॅडम नवी आहे, तिचंच यंत्र बिघडलं असेल, इतकी वर्षं कोणाला काही झालं का? सून दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला मळमळायचं तेव्हा मी नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, खा, तपासलेली आहे."

 पोरगी रागावून भांडली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

रक्त घेताना ठकी रडली. मामांनी तिला मांडीवर घट्ट धरलं होतं. नर्सनं नळीवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर आकडा लिहिला. मामा पटकन म्हणाले, "नाव लिहा ना हो तिचं." नर्स म्हणाली, "आकडाच लिहितात काका." मामांना हे काय ठाऊक नव्हतं?

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी सुनेला समोर बसवलं. मामा मागे भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर चांगले होते, ओरडले नाहीत. शिसं जास्त आहे, म्हणाले. येतंय ते आजपासून बंद करा. रक्तातलं हळूहळू उतरेल, हाडात गेलंय ते लवकर निघत नाही.

"आणि बोलणं?" सुनेनं विचारलं.

"प्रयत्न करू. तिला खूप बोलतं ठेवा."

"येईल का बोलायला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आत्ताच सांगता येणार नाही."

परत येताना ठकी आजोबांच्या खांद्यावर झोपली होती. वाटेत बाजार लागला. सून थांबली. मामा म्हणाले, "मी घेऊ का काही?" ती म्हणाली, "नको. मी घेते." आणि एकटी आत गेली. लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरासाठी कधी भाजी विकत आणली नव्हती. मामा कडेला उभे राहिले. ठकीचा गरम श्वास त्यांच्या मानेवर येत होता, आणि त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

घरी येऊन मामांनी ठकीला गादीवर निजवलं, आणि सुनेनं पिशवी जमिनीवर रिकामी केली. टोमॅटो, दुधी, मेथीची एक जुडी. सगळं टवटवीत, पाणी मारलेलं. आजी जवळ आली. एरवी तिनं जुडी उचलून लगेच निवडायला घेतली असती. आज तिनं हात पाठीमागे बांधून ठेवले.

"कुठली गं ही?"

"विचारलं मी त्याला," सून म्हणाली. "म्हणाला, लांबची शिळी भाजी ठेवतच नाही ताई. इथलीच आहे. सकाळी तोडलेली."

 आजीनं मामांकडे पाहिलं, आणि सुनेनंही. सुनेच्या नजरेत राग नव्हता. ती खरोखर विचारत होती. या घरात भाजीतलं कळणारं माणूस एकच होतं.

मामा खाली बसले. त्यांनी जुडी सोडली, एक काडी उचलून उजेडात धरली, पान उलटं करून पाहिलं. बोटांत चुरून वास घेतला. मेथीसारखा वास होता. पान कोवळं होतं, हिरवंगार, कुठं डाग नाही की कीड नाही. आयुष्यभर त्यांनी अशी पानं हाताळली होती.

"बाबा, चालेल का?" सुनेनं विचारलं.

आवाजानं ठकी जागी झाली. डोळे चोळत ती आजोबांपाशी आली, त्यांच्या हातातलं हिरवं पान पाहून खुदकन हसली, आणि तोंड उघडून त्यांच्यासमोर उभी राहिली.